नवी गाडी, पहिली पडझड: नागपुरातल्या नवशिक्या स्कूटरस्वारांचे नेहमीचे प्रश्न

मी मानेवाड्याकडच्या मुलींना आणि बायकांना स्कूटर शिकवते. शिकून झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत त्यांचे जे फोन येतात, त्यांतलेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सिग्नलला तोल गेला, पार्किंगमध्ये गाडी आडवी झाली, कोणाच्या तरी कारला आरसा घासला, असे किरकोळ प्रकार. उत्तरांचा क्रम मुद्दाम ठेवला आहे: आधी माणूस, मग गाडी, मग पैसा. रस्त्यावर हे नेमकं उलटं होतं. पडलेली मुलगी आधी पॅनलवरचा चरा बघते, आणि कोपरातून रक्त येतंय हे तिला घरी गेल्यावर कळतं.

गाडी पडली. पहिल्या मिनिटात काय करायचं?

चावी बंद करा. पडलेल्या स्कूटरचं इंजिन बऱ्याचदा चालूच असतं, आणि उचलताना उजवी मूठ हातात आली की अ‍ॅक्सिलेटर पिळला जातो. गाडी उभी होता होता पुढे उडी घेते आणि दुसरा अपघात होतो. पहिल्यापेक्षा हा दुसरा जास्त लागतो.

चावी बंद केल्यावर स्वतः रस्त्याच्या कडेला या. पाय अंगावरच्या गाडीखाली अडकला असेल तर जोर लावून ओढू नका, कोणाला तरी हाक मारा. “भाऊ, जरा गाडी उचलता का” एवढं म्हटलं की आपल्याकडे चार हात पुढे येतात. मात्र तुम्हाला मानेत किंवा पाठीत दुखत असेल तर त्याच चार हातांना थांबवायचं असतं. लोक काळजीपोटीच ओढून बसवतात आणि पाणी पाजतात. “मला हलवू नका, १०८ ला फोन करा” असं स्पष्ट सांगा. ११२ लावलात तरी चालतं.

उन्हाळ्यातली दुपार असेल तर आधी सावली गाठा. मे महिन्यात तापलेल्या रस्त्यावर पडलं की कातडी भाजतेही, आणि घाबरल्यामुळे चक्कर येते. पाच-दहा मिनिटं बसून घोटघोट पाणी प्या. लगेच किक मारून निघायची काही गरज नसते.

पडलेली गाडी एकटीने उचलता येते का?

येते. रोजच्या वापरातली ११० किंवा १२५ सीसीची स्कूटर साधारण शंभर-सव्वाशे किलोच्या आत असते, पण हातांच्या जोरावर उचलायला गेलात तर कंबर धरेल. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढा, म्हणजे उभी झाल्यावर ती पलीकडे लवंडणार नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून खाली बसा. एका हाताने हँडलची जवळची मूठ, दुसऱ्या हाताने सीटमागचा दांडा धरा आणि मागे सरकत पायांच्या जोरावर उठा. पाठ सरळ ठेवायची. डाव्या बाजूला पडली असेल तर उभी झाल्यावर पायाने स्टँड काढा आणि तोवर तिला अंगाला टेकवून ठेवा.

लगेच चालवत घरी जाऊ का?

आधी तपासा. गाडीखाली वाकून पेट्रोल गळतंय का बघा, वास येतोच. गळत असेल तर चावी लावू नका. दोन्ही ब्रेकचे लिव्हर दाबून बघा. टोक मोडलं असेल तर हळू चालवता येईल, पण लिव्हर मुठीपर्यंत येत असेल किंवा परत सुटत नसेल तर गाडी ढकलतच न्या. गाडी मेन स्टँडवर लावून दोन्ही चाकं हाताने फिरवा, घासल्याचा आवाज आला म्हणजे मडगार्ड किंवा ब्रेक चाकाला लागतोय. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरतं का? त्या फिरवण्यात अ‍ॅक्सिलेटरची मूठ सोडल्यावर आपोआप मागे येते का? हा शेवटचा तपास कोणीच करत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. घासलेली मूठ किंवा अडकलेली केबल असेल तर गाडी थांबायचं नाव घेत नाही.

चाक सरळ असताना हँडल थोडं वाकडं दिसत असेल तर घाबरू नका. पडल्यावर हे नेहमी होतं आणि मेकॅनिक ते थोड्या वेळात सरळ करून देतो. पण तशाच वाकड्या हँडलने वर्धा रोडच्या गर्दीत शिरू नका. आतल्या रस्त्यांनी हळू जा.

गाडी चालूच होत नाहीये.

बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम) नंतरच्या पुष्कळ फ्युएल इंजेक्शन स्कूटरमध्ये गाडी आडवी होताच इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. गाडी सरळ उभी करून चावी बंद करा, थोडं थांबून पुन्हा चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. साइड स्टँड खाली असताना इंजिन सुरू न होणाऱ्याही गाड्या आहेत, तो वर आहे ना ते बघा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल जास्त झालेलं असू शकतं. पाच मिनिटं जाऊ द्या आणि अ‍ॅक्सिलेटर पिळून किक मारा. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीच्या डब्याला मार लागलेला दिसला तर मात्र ती चार्जिंगला लावू नका, आधी कंपनीच्या माणसाला दाखवा.

नवशिके एवढे का पडतात?

वेगामुळे नाही. जवळपास सगळ्या पडझडी चालण्याच्या वेगात होतात, म्हणून ह्या उत्तरावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

पहिलं कारण उजवी मूठ. तोल जातोय असं वाटलं की माणूस हातातलं घट्ट धरतो, आणि स्कूटरमध्ये घट्ट धरणं म्हणजे अ‍ॅक्सिलेटर पिळणं. फाटकातून गाडी बाहेर काढताना, उतारावर वळवताना, मागे ओढताना इंजिन बंदच ठेवा. गाडीवरून उतरून हाताने न्यायची असेल तर चावी बंद. ही एक सवय लागली तर निम्म्या भिंती आणि तुळशीवृंदावनं वाचतील.

दुसरं कारण ब्रेक. हँडल वळलेलं असताना उजवा, म्हणजे पुढच्या चाकाचा ब्रेक करकचून दाबला की गाडी त्याच बाजूला बसते. यू-टर्न घेताना हेच होतं. एप्रिल २०१९ मध्ये १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारा ब्रेक) सक्तीचा झाला. कॉम्बीत डावा लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. वळणावर हळू असताना डाव्यानेच काम घ्या. सरळ रस्त्यावर मात्र दोन्ही वापरायला शिका, नाहीतर जोरात थांबायची वेळ येईल तेव्हा उजवा हात आठवणारच नाही.

तिसरं कारण खास आपल्या गावचं. नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले, आणि कित्येक ठिकाणी सिमेंटची कडा आणि बाजूचे गट्टू ह्यांच्यात इंच-दोन इंचांची पायरी राहिली. कोणाला बाजू द्यायला तुम्ही खाली उतरता, पुन्हा वर यायला हँडल जरासं उजवीकडे घेता, आणि पुढचं चाक त्या कडेला समांतर घासत जातं. चाक चढत नाही, गाडी मात्र पडते. अशी कडा तिरपी कधीच चढायची नाही. वेग कमी करा, मागे बघा आणि शक्य तितकं काटकोनात चाक घालून चढा. जागा नसेल तर खालीच चालत राहा, पुढे कुठे ना कुठे सपाट जागा मिळते.

बाकीची कारणं थोडक्यात. लेआउटमध्ये घराचं बांधकाम सुरू असलं की रस्त्यावर रेती-गिट्टी पसरलेली असते, तिच्यावर ब्रेक नाही आणि वळणही नाही. जूनमधला पहिला पाऊस धूळ आणि तेलाचा चिखल करतो, तेव्हा झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टेही निसरडे होतात. मेट्रोच्या खांबाआडून यू-टर्न घेणारी गाडी शेवटच्या क्षणी दिसते. इतवारी-महालच्या गल्ल्यांत हातगाड्या आणि मधेच उघडणारी कारची दारं. उन्हाळ्यात मऊ झालेल्या डांबरात किंवा पावसाळ्यात ओल्या मातीत साइड स्टँड रुततो आणि उभी केलेली गाडीही पडते. त्याच्याखाली एखादी चपटी फरशी ठेवा किंवा मेन स्टँड लावा.

आणि ओढणी. उन्हासाठी आपण सगळ्याच तोंडाला दुपट्टा बांधतो. त्याची टोकं आत खोचा, मागे मोकळी सोडू नका. साडी नेसून मागे बसणाऱ्या काकूंसाठी मागच्या चाकाला साडी गार्ड असणं नियमानेच आवश्यक आहे, दिसायला बरं म्हणून काढून टाकू नका. दुपट्टा जाड असेल तर हेल्मेट डोक्यावर सैल बसतं, म्हणून पातळ सुती कापड घ्या आणि पट्टा लावून हेल्मेट हलतंय का ते बघा.

खरचटलंय. दवाखान्यात जायलाच हवं का?

वरवरचं असेल तर घरी भागतं. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम नीट धुवा, रेतीचे कण निघेपर्यंत. झोंबतं, पण हे धुणंच खरं औषध आहे. हळद, चहापत्ती, टूथपेस्ट काही लावू नका. स्वच्छ पट्टी बांधा आणि रोज बदला. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांहून जास्त झाली असतील, किंवा कधी घेतलं ते आठवतच नसेल, तर डॉक्टरांना विचारून घ्या. कण रुतून बसले असतील, कडा उघड्या राहत असतील किंवा दहा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबत नसेल तर थेट दवाखाना.

मनगटाबद्दल खास सांगते, कारण पडताना सगळेच हात टेकतात. अंगठ्याच्या बुडाशी मनगटावर जो खळगा दिसतो तिथे दाबल्यावर दुखत असेल तर “मुरगळलंय” म्हणून सोडून देऊ नका. तिथलं बारीक हाड मोडलेलं असू शकतं आणि पहिल्या एक्स-रेत ते कधीकधी दिसतही नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी पुन्हा बोलावलं तर जा.

सायलेन्सरचा चटका बसला तर वीस मिनिटं वाहतं थंड पाणी. उन्हाळ्यात आपल्या टाकीचं पाणी नळातून उकळतं येतं, तेव्हा माठातलं पाणी ओतत राहा. बर्फ लावू नका.

डोकं आपटलं, पण आता बरं वाटतंय.

पुढचे चोवीस तास एकट्याने राहू नका. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, असंबद्ध बोलणं, धूसर दिसणं, झटका, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, ह्यातलं एकही दिसलं तर मेडिकल, मेयो किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा, रात्र असली तरी. काही क्षण शुद्ध गेली होती किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू आहेत, तर लक्षणांची वाट न बघता जायचं.

आपटलेलं हेल्मेट बदला. आतला थर एकदा दबला की तो पुन्हा तसं काम करत नाही, बाहेरून चरा दिसो वा न दिसो. नवं घेताना आयएसआय खूण बघा.

दुसऱ्याच्या गाडीला धक्का लागला, लोक जमलेत, तो पैसे मागतोय. काय करू?

आधी विचारा, “तुम्हाला लागलं का?” हा प्रश्न खऱ्या काळजीने विचारला की निम्मं भांडण तिथेच संपतं. कोणाला लागलं असेल तर त्याच्या उपचाराची व्यवस्था करणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ तेच सांगतं. जमाव हाणामारीवर आला असेल तर तिथे थांबण्याची सक्ती नाही. सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

कोणाला लागलं नसेल तर दोन्ही गाड्यांचे, नंबर प्लेटचे आणि नुकसानीचे फोटो घ्या, मग गाड्या बाजूला करा. चौकात गाड्या आडव्या ठेवून वाद घालू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. चूक तुमची असेल तर माफी मागा. रक्कम मात्र रस्त्यावर ठरवू नका. “गॅरेजमध्ये दाखवू, जो खर्च येईल त्यावर बोलू” म्हणा आणि नंबर द्या. तिथेच मिटवायचं ठरलं तर पैसे ऑनलाइन द्या आणि “अमुक तारखेच्या नुकसानीचे पूर्ण पैसे मिळाले” असा मेसेज त्यांच्याकडून घ्या. चावी, लायसन्स किंवा फोन कोणाच्या हातात देऊ नका. एकट्या मुलीवर आवाज चढवून जास्त पैसे काढायचा प्रयत्न होतो, हे मी पुष्कळ वेळा ऐकलंय. तेव्हा ११२ लावा आणि पोलीस येईपर्यंत दुकानाच्या पायरीवर, चार माणसांत उभ्या राहा.

पोलिसांत कळवावं लागतं का?

कायद्याने, कोणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि तिथे पोलीस नसेल, तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात सांगावं लागतं आणि विमा कंपनीलाही. घासलेल्या बंपरसाठी व्यवहारात कोणी जात नाही. पण समोरच्याला थोडंसं जरी लागलं असेल तर जाच. “काही नाही झालं” म्हणून गेलेला माणूस दोन दिवसांनी पाय सुजला म्हणून परत येतो, आणि तोवर पळून गेल्याचा ठपका तुमच्यावर बसलेला असतो.

तुम्ही फक्त मदत करणारे असाल तर काळजी नको. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ मदतनीसाला संरक्षण देतं, आणि नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही.

माझं लर्निंग लायसन्सच आहे. विमा लागू होतो?

नियम पाळले असतील तर होतो. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा, लायसन्सची सहा महिन्यांची मुदत संपलेली नको, आणि मागे कोणी बसलं असेल तर ते पक्कं लायसन्स असलेलं, शिकवणारं माणूसच हवं. मैत्रिणीला डबलसीट घेऊन शंकरनगरला गेलात आणि पडलात, तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण देता. लर्निंगनंतर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. उगाच लांबवू नका. कागद मोबाइलमध्ये डिजीलॉकर किंवा एमपरिवहनवर असले तरी चालतात.

मुलगा सोळाचा झाला म्हणून स्कूटर देणाऱ्या आई-बाबांना एकच सांगते. त्या वयात फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं, आजच्या ११० सीसीच्या गाडीचं नाही. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

पॅनल फुटलं. क्लेम करावा का?

आधी तुमच्याकडे काय आहे ते बघा. २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरणारा भाग, म्हणजे ‘ओन डॅमेज’, बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. “पाच वर्षांचा विमा आहे” म्हणून निवांत राहिलेल्यांना दुसऱ्या वर्षी गाडी फुटल्यावर कळतं की आपल्या गाडीला काहीच नाही. आजच पॉलिसी उघडून ‘ओन डॅमेज’ची तारीख बघा.

आता हिशोब. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (वापराने कमी झालेली किंमत) कापतात, आणि स्कूटरचं पुढचं अंग बहुतेक प्लॅस्टिकचंच. समजा, पुढचं पॅनल, मडगार्ड आणि व्हायझर मिळून ३,००० चे भाग लागले. त्यातले १,५०० तुमचे. वर १०० रुपये सक्तीची वजावट. हातात आले १,४००. उलट क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या क्लेमशिवायच्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो, एका क्लेमने पुन्हा शून्य. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर असते, पूर्ण बिलावर नाही, म्हणून रुपयांत किती जाते ते हप्ता बघून ठरवा. माझं मत असं: एखादं पॅनल, आरसा, लिव्हर, इंडिकेटर खिशातून करा. शॉकअप, चॅसिस किंवा चाक वाकलं असेल तर क्लेम करा. झीरो डेप असेल तर घसारा कापला जात नाही, मग गणित बदलतं. क्लेम करायचा असेल तर कंपनीला कळवण्याआधी काहीही दुरुस्त करू नका.

कारवाल्याचा बंपर तुमच्या थर्ड पार्टी विम्यातून भरून घ्यायचा तर तो दावा अपघात न्यायाधिकरणात जातो. लहान नुकसानीसाठी तो मार्ग कोणालाच परवडत नाही, म्हणून असे प्रकार आपसात मिटतात किंवा कारवाला स्वतःचा विमा वापरतो.

दुरुस्ती कुठे करू?

गॅरंटीतली गाडी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला. जुनी असेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्या दादांकडे. चरे तसेच ठेवा, नवशिकेपणात पुन्हा पडणार आहेच, सहा महिन्यांनी एकदाच पॅनल बदला. ब्रेक लिव्हर, आरसे, इंडिकेटर आणि हेडलाइट मात्र त्याच दिवशी. हँडल सरळ केल्यावर मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. ओढत असेल तर शॉकअप वाकलेला असण्याची शक्यता आहे. काढलेले जुने भाग परत मागायला लाजू नका.

संक्रांतीच्या दिवसांत काय काळजी घेऊ?

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी जानेवारीत नागपुरात गळे कापले जातातच. डिसेंबरअखेरपासून जाड मफलर किंवा दुपट्टा गळ्याभोवती गुंडाळा, हेल्मेटची काच खाली ठेवा, पुलांवरून जाणं टाळा आणि मुलाला पुढे उभं करू नका. अंगाला धागा जाणवला तर हाताने ओढू नका, गाडी थांबवा आणि मग सोडवा. गळ्याला कापलं तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि दवाखाना गाठा, जखम छोटी दिसली तरी.

पडल्यापासून गाडीवर बसायची हिंमतच होत नाही. आणि घरी सांगू की नको?

सांगा. लपवलेला मार लपवलेल्या जागीच वाढतो. डोकं आपटलंय हे घरात माहीतच नसेल तर रात्री तुमच्याकडे लक्ष कोण ठेवणार? घरच्यांनाही विनंती आहे, “आधीच सांगितलं होतं” हे वाक्य निदान त्या दिवशी गिळा. त्या एका वाक्याने गाडी कायमची सोडलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांचं नोकरीला जाणं, मुलांना शाळेत सोडणं, सगळं पुन्हा दुसऱ्या कोणावर येऊन पडलं.

दुखणं थांबलं की दोन-चार दिवसांत पुन्हा बसा, पण थेट कामावर नको. रविवारी पहाटे लेआउटच्या आतल्या रस्त्यावर, हेल्मेट आणि बूट घालून, सोबत एक जण. ज्या गोष्टीने पडलात तीच करायची: यू-टर्नला पडलात तर यू-टर्न, कडेला पडलात तर ती कडा काटकोनात चढणं. हात थरथरायचे थांबेपर्यंत तेवढंच. मग दुकानापर्यंत, मग चौकापर्यंत, आणि सीताबर्डी सगळ्यात शेवटी, तीही दुकानं उघडण्याआधी.